शून्याचा रकाना : सरदारपूर-सैलाना, चार दिवस

9 ऑगस्ट, इंदूर ते मोहनखेडा

आजोबांची शिकारीची डायरी काकांनी जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून आणली होती. सुदामानगरातून त्यांना गाडीत घेतलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि रात्रभराचा पाऊस नुकताच थांबला होता. काका 81 वर्षांचे. "डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झालेत, उन्हात फिरवू नकोस त्यांना," काकू दारातून सांगत होत्या. काका तोवर पुढच्या सीटवर बसून पट्टा लावत होते.

रामबागेतलं जुनं घर रिकामं करताना या वर्षी ही डायरी सापडली. आजोबा होळकर संस्थानात महसूल खात्यात होते. 1948 साली मध्य भारत झाल्यावर त्याच कामावर राहिले. गावोगाव फिरती असायची आणि बारा बोरची दुनळी बरोबर असायची. डायरी 1946 ते 1963 सालांची आहे. शाईने आखलेले रकाने : तारीख, ठिकाण, बरोबर कोण, पक्षी, काडतुसं. "4 ऑगस्ट 1952. सरदारपूरकडचं बीड. तणमोर 3, नर. लावे 17. तित्तर 4. काडतुसं 31." मालव्यात राखलेल्या गवताळ रानाला बीड म्हणतात. अशी पानंच्या पानं आहेत.

मी प्राणिशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं घालवली. घरात असं काही आहे याचा मला पत्ता नव्हता. पानं उलटताना एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरली. जिथे जिथे तणमोर आहे तिथे पुढे "नर" लिहिलेलं आहे. सतरा वर्षांत एकही मादी नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "मादी दिसतेच कुठे? ती गवतात बसलेली असते. नर उडी मारतो म्हणून दिसतो." थोडं थांबून म्हणाले, "मला एकदा पुन्हा बघायचाय तो. नेशील?" एवढ्यावरून हा प्रवास ठरला.

तणमोराला मालव्यात खरमोर म्हणतात. माळढोकाच्या कुळातला सगळ्यांत लहान पक्षी, कोंबडीएवढा, अर्धा किलोच्या आसपास वजनाचा. जुन्या साहेब शिकाऱ्यांच्या पुस्तकांत तो "लीख" या देशी नावाने येतो. हिवाळा-उन्हाळा तो दख्खनकडे आणि इतरत्र विखुरतो, कोणाच्या नजरेला पडत नाही. पाऊस सुरू झाला की विणीसाठी गुजरात, राजस्थान आणि आमच्या मालव्यातल्या गवतात येतो. जुलै ते सप्टेंबर हे त्याचे दिवस.

बेटमा गेलं, घाटाबिल्लोदला चंबळ लागली. गढूळ, काठोकाठ. दोन्ही बाजूंना सोयाबीन. मधे कुठे मक्याचा तुकडा, की पुन्हा सोयाबीन. काका खिडकीतून बघत होते. "इथे ज्वारी असायची. भुईमूग, उडीद, तूर. आणि बीड तर किती!" 1970 नंतर सोयाबीन मालव्यात शिरलं आणि खरिपाचं रानच बदलून गेलं. सोयाबीनवर संशोधन करणारी देशातली मोठी संस्था आमच्या इंदुरातच आहे. या पिकाने कित्येक घरांत पक्की छपरं आणली, मुलं शिकली, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे सोयाबीनला शिव्या देणं मला जमत नाही. पण पूर्वी जी पडीक जमीन गवताला सोडलेली असायची तिच्यावरही नांगर फिरला, हे खरं आहे.

धारला फक्त चहा. तिथल्या पवारांच्या किल्ल्याकडे काकांनी लांबूनच हात केला. संध्याकाळी राजगडजवळ मोहनखेड्याच्या जैन तीर्थातल्या धर्मशाळेत खोली मिळाली. सूर्यास्ताआधी जेवण, कांदा-बटाटा नाही, चोख स्वच्छता. रात्री काका उठले, बॅगेतून डायरी काढली आणि खाली जाऊन गाडीत ठेवून आले. मी जागीच होते. काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

10 ऑगस्ट, सरदारपूर

पहाटे पाचला निघालो. पानपुऱ्याच्या बिडावर पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. धार जिल्ह्यातलं हे सरदारपूरचं खरमोर अभयारण्य 1983 सालचं. स्थापनेच्या वेळी कागदावर ते 348 चौरस किलोमीटर होतं. पण त्यातली बहुतेक जमीन शेतकऱ्यांची, गावांची. खरं राखलेलं गवत म्हणजे पानपुऱ्यासारखे काही तुकडे. वनरक्षक तरुण होता, भिलाला आदिवासींच्या घरातला, पायात गमबूट. त्याने आम्हांला एका टेकाडाच्या कडेला बाभळीखाली बसवलं आणि म्हणाला, "बाबूजी, अब हिलना मत."

गवत गुडघ्यापर्यंत आलेलं. मी पवन्या ओळखला, कुसळी ओळखली. कुसळीला अजून कुसळं धरायची होती. आभाळ भरलेलं, वारा पडलेला. काका म्हणाले, असाच दिवस त्याला आवडतो. उडीसाठी त्याला सकाळ-संध्याकाळ लागते, आणि ढगाळ असलं तर मधली वेळही चालते.

बसल्या बसल्या, अगदी हळू आवाजात, काकांनी शिकार कशी व्हायची ते सांगितलं. मी ते त्यांच्याच शब्दांत देते.

"तित्तर-लाव्याला हाका लागतो. गावातली दहा-बारा पोरं ओळीने गवत झोडत यायची, पक्षी भर्रकन उठायचे, आठ नंबरचा छर्रा. त्यात हात बसावा लागतो, दहातले सात सुटून जायचे. तणमोराला हाका नको. बाभळीखाली बसायचं. तो गवतातून सरळ वर उडी मारतो, माणसाच्या डोक्याइतका. पंखांचा टर्रर्र आवाज होतो, बेडकासारखा. पाय दुमडलेले, मान मागे, आणि कानामागची ती पिसं वर आलेली. मग धपकन खाली. पहिली उडी बघून ठेवायची. जागा सोडत नाही तो. पाच-दहा मिनिटांत तिथूनच पुन्हा उडतो. दुसऱ्या उडीला बार. बाबा कधी चुकले नाहीत. मी बारा वर्षांचा होतो, पळत जाऊन मीच उचलून आणायचो. हातात घेतला की गरम असायचा."

हे सांगताना त्यांची मान खाली होती. पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण हलायचं नव्हतं.

या पक्ष्याचं दुर्दैव इथेच आहे. नर एका दिवसात पाचशेहून जास्त उड्या मारू शकतो. उंच गवतात मादीला तो दिसावा म्हणून ही उडी. पंखाच्या टोकाची पिसं अरुंद झालेली असतात, त्यातूनच तो टर्रर्र आवाज येतो आणि दूरवर ऐकू जातो. एरवी शोधूनही न सापडणारा पक्षी वर्षातले दोन-तीन महिने स्वतः होऊन आपली जागा सांगतो, आणि नेमके तेच विणीचे दिवस. ब्रिटिश मुलखात 1912च्या कायद्याने रानपक्ष्यांसाठी बंद हंगाम ठरवता येऊ लागला. शिकाऱ्यांमध्येही विणीच्या दिवसांत लावे-तित्तर मारू नयेत असा रिवाज होता, तो कितीसा पाळला जायचा ते वेगळं. तणमोराच्या बाबतीत हा रिवाज आला की शिकारच संपत होती, कारण विणीशिवाय तो दिसतच नाही. म्हणून त्याच्यापुरता रिवाज बाजूला ठेवला गेला. आजोबा मला फार जवळचे होते, त्यांनी मला तारे दाखवले, नकाशा वाचायला शिकवला. तरी इथे ते चुकले, असं मी म्हणते. माहीत नव्हतं म्हणून चुकले असं म्हणता येणार नाही. "नर" हा शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलाय.

नऊ वाजेपर्यंत काय काय दिसलं? चंडोल गात होते. एक नीलगाय पिलासह गेली. लांबून तित्तराची "पटीला, पटीला" सुरू होती. गवतातून एका लाव्याची दोन-दोन अक्षरी शीळ आली, व्हिक-व्हिक. काका लगेच म्हणाले, "हा पावसाळी लावा." पण तो टर्रर्र आवाज नाही, उडी नाही. वनरक्षकाने दुर्बीण खाली ठेवली आणि खिशातून वही काढली. तारीख, जागा, किती ते किती, नर, मादी. शेवटच्या दोन्ही रकान्यांत त्याने नीट गोल शून्यं काढली.

परतताना बांधावर एक आजी शेळ्या घेऊन भेटल्या. काकांनी खरमोराचं विचारलं. "म्हने तो कित्ताई बरस से नी देख्यो, भई," त्या म्हणाल्या. मग त्यांच्या मुलाने आम्हांला ओट्यावर बसवून चहा दिला आणि मनातलं बोलून टाकलं. जमीन अभयारण्यात, म्हणून खरेदी-विक्रीवर बंधन. बहिणीच्या लग्नात एक बिघा विकायचा होता, जमलं नाही. वनखात्याची पाणी-गवताची कामं निघतात तेवढी मजुरी मिळते. पक्षी शेतात दिसल्याचं कळवलं तर बक्षीस आहे हेही त्याला माहीत होतं. "पण दिसला तर सांगून काय करू?" तो हिंदीत म्हणाला. "आणखी कुंपण पडेल." मला त्याचा राग आला नाही. पक्षी वाचवण्याचा सगळा भार ज्याच्याकडे चार बिघे आहेत त्याच्या खांद्यावर टाकायचा आणि तो पक्ष्यावर माया करील अशी अपेक्षा ठेवायची, हे जमणारं नाही. ग्वाल्हेरकडे करेऱ्यात हेच झालं. माळढोकासाठी 1981 साली अभयारण्य केलं, पुढच्या दशकातच माळढोक दिसेनासे झाले आणि जमिनीवरचा निर्बंध मात्र गावांच्या मागे वर्षानुवर्षं राहिला.

मही नदी उगम पावते ते मिंडा गाव इथून जवळ आहे. जायचं मनात होतं, पण काका दमले होते.

11 ऑगस्ट, बदनावरमार्गे रतलाम

दिवसभर पाऊस. बदनावरपर्यंत वायपर थांबला नाही. लिहिण्यासारखी एकच गोष्ट.

रतलामच्या अलीकडे एका ढाब्यावर जेवायला थांबलो. वाढणारा पोरगा काकांच्या कानाशी वाकून म्हणाला, "बाबूजी, तीतर है. जंगली." काकांनी विचारलं, "कहाँ का?" तो म्हणाला, "यहीं का, खेत का. जाल वाला दे जाता है." काका काही क्षण तसेच बसले, मग उठले. मागवलेल्या भाजी-पोळीचे पैसे दिले आणि आम्ही न जेवताच निघालो.

1972च्या वन्यजीव कायद्यात तणमोर पुढे पहिल्या परिशिष्टात गेला, म्हणजे त्याची शिकार पूर्ण बंद. लावे-तित्तर मात्र चौथ्या परिशिष्टात होते, परवान्यावर मारता येत. 1991च्या दुरुस्तीनंतर तेही बंद झालं. आजोबांची दुनळी त्याआधीच पोलिसांत जमा झाली होती. पण जाळं आणि फासे कुठे जमा होत नाहीत. पिंजऱ्यातला पाळीव तित्तर शेताच्या कडेला ठेवला की त्याच्या हाकेला रानातले येतात, फाशात अडकतात. आता तर मोबाईलवरच आवाज वाजवतात. "आम्ही निदान हिशेब लिहीत होतो," काका गाडीत म्हणाले. लगेच पुढे म्हणाले, "म्हणजे ते बरं होतं असं नाही म्हणत मी."

12 ऑगस्ट, सैलाना

रतलामहून सैलाना वीस-पंचवीस किलोमीटर. टेकड्यांच्या माथ्यावर पवनचक्क्या, हिरवे उतार, सकाळचं धुकं. सैलाना म्हटलं की लोकांना राजवाड्यातली निवडुंगाची बाग आठवते, राजघराण्याचं स्वयंपाकघर आठवतं. आम्हांला जायचं होतं शिकारवाडीला.

नावातच सगळं आहे. सैलान्याचं खरमोर अभयारण्य जेमतेम तेरा चौरस किलोमीटरचं. त्याचा एक भाग आंबा, दुसरा शिकारवाडी. राजांच्या शिकारीसाठी राखलेलं गवत म्हणून ते नांगराखाली गेलं नाही. सालिम अलींच्या आग्रहाने 1983 साली त्याचं अभयारण्य झालं. हा विचार मला दिवसभर सोडेना. ज्यांनी पक्षी मारले त्यांनीच त्याचं घर जपलं होतं. मारायला पक्षी हवा, म्हणून त्याला गवत हवं. आम्ही बंदूक काढून घेतली ते योग्यच केलं. पण तिच्याबरोबर गवत राखायचं कारणही गेलं आणि त्या जागी दुसरं कारण आम्ही उभं केलं नाही. मधल्या वीस-तीस वर्षांत बिडं गायरानं झाली, गायरानांची शेतं झाली.

काकांना मी बंदूक कायद्याने चालू असलेल्या देशांचं सांगितलं. अमेरिकेत बंदुका-काडतुसांवर दहा-अकरा टक्के कर आहे, 1937च्या कायद्यापासून तो पैसा रानासाठीच खर्च होतो. हंगाम ठरलेला, रोजची मर्यादा ठरलेली. तरीही तिथला बॉबव्हाइट लावा 1966 पासूनच्या गणनेत चार-पंचमांशाहून जास्त कमी झाला. इंग्लंडमध्ये राखी तित्तर घटले तेव्हा शिकारीसाठी जमिनी राखणाऱ्यांनीच संशोधनाला हात दिला. 1960च्या दशकाच्या अखेरीस ससेक्सच्या शेतांत अभ्यास सुरू झाला आणि कारण सापडलं ते पिलांच्या पोटात. अंड्यातून निघाल्यावर पहिले दोन आठवडे पिलं जवळजवळ फक्त किडे खातात. तणनाशकाने तण गेलं, तणावरचे किडे गेले, पिलं उपाशी मेली. मोठे पक्षी शेतात हिंडताना दिसायचे, त्यामुळे बाहेरून सगळं ठीक वाटायचं.

मालव्यातल्या सोयाबीनवर पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांत इमाझेथापायर हे तणनाशक मारतात, मग चक्रभुंग्यासाठी आणि उंटअळीसाठी कीटकनाशक. नेमकं त्याच सुमारास तणमोराची मादी जमिनीवर साध्या खळग्यात तीन-चार अंडी घालून एकटीच बसलेली असते. सुमारे तीन आठवड्यांनी पिलं निघतात. त्यांना नाकतोडे हवेत, भुंगेरे हवेत. आमच्याकडे यावर ससेक्ससारखा पन्नास वर्षांचा अभ्यास नाही. पण लाव्या-तित्तरांचं आणि तणमोराचं पिलू भूक लागल्यावर वेगळं काही खाईल असं मला वाटत नाही.

2017 साली देशभर पाहणी झाली तेव्हा तणमोराचे साडेतीनशेच्या आसपास नर असावेत असा अंदाज निघाला. 2000 सालाच्या तुलनेत ही घट ऐंशी टक्क्यांच्या घरातली. 2021 मध्ये त्याचं नाव अतिसंकटग्रस्त यादीत गेलं. राजस्थानात आता बंदिस्त प्रजनन सुरू केलंय. अंडी उबवून पिलं वाढवता येतील, पण ती सोडायची कुठे?

शिकारवाडीवर आम्ही साडेपाच ते दहा बसलो. इथला रक्षक पन्नाशीचा, कमी बोलणारा. सातच्या सुमारास काकांनी माझा हात धरला. डावीकडे, ओढ्यापलीकडे. "ऐकलंस?" मी कान दिला. वारा, पवनचक्कीची घरघर, कुठेतरी बेडूक. काका ताठ बसले होते, उजवा हात खांद्याच्या उंचीला आलेला, कोपर बाहेर. स्वतःच्याच लक्षात आल्यावर त्यांनी तो सावकाश खाली घेऊन मांडीखाली दाबून धरला. पुढचा तासभर आम्ही तिघं त्याच दिशेला बघत राहिलो. काही उठलं नाही.

दहाला रक्षकाने रजिस्टर उघडलं. काका म्हणाले, "मैंने सुना है. एक बार." रक्षकाने आदराने विचारलं, "देखा, बाबूजी?" "नहीं." त्याने पेन हातात धरून थोडा विचार केला. ऐकल्याचा रकाना त्यात नव्हता. मग त्याने शून्य लिहिलं. काकांनी मान हलवली. "बरोबर आहे. बेडूकही असेल."

जुन्या पानांवरचे आकडे त्याने आम्हांला दाखवले. वर्षं, तारखा, वेळा, कुठे 2, कुठे 1, आणि मग शून्यांच्या लांबच लांब ओळी. पावसात, चिखलात, रोज येऊन लिहिलेली. काका त्या ओळींवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाबांनी शून्य कधी लिहिलं नाही गं."

गाडीत जाऊन मी डायरी तपासली. खरं होतं. सतरा वर्षांत एकही रिकामा दिवस नाही. म्हणजे रिकामे दिवस होतेच, ते लिहिलेले नाहीत. किती सकाळी हात हलवत परतले, वर्षागणिक त्या सकाळी वाढत गेल्या का, यातलं काहीच डायरी सांगत नाही. 1952 च्या त्या तीन नरांआधी किती फेऱ्या झाल्या होत्या? शेवटच्या पानांवर तणमोर जवळजवळ नाहीच. तो कमी झाला की आजोबांचे गुडघे, हे आता कोणालाच ठरवता येणार नाही. शिकाऱ्यांच्या नोंदींवरून "पूर्वी किती होते" याचे हिशेब मांडले जातात तेव्हा हा रकाना सगळीकडेच कोरा असतो. शिकारवाडीच्या रक्षकाचं रजिस्टर मला आजोबांच्या डायरीपेक्षा मोलाचं वाटलं.

काकांनी माझं पेन मागितलं. 1963 नंतर पुष्कळ पानं कोरी होती. थरथरत्या अक्षरात त्यांनी आधी 10 ऑगस्ट लिहिलं, मग 12 ऑगस्ट. ठिकाण, वेळ, बरोबर कोण. तणमोर 0. काडतुसांच्या रकान्यात आडवी रेघ मारली.

परतीच्या वाटेवर काकांनी देपालपूरकडच्या आमच्या जमिनीवरच्या बटाईदाराला फोन लावला. आवाज स्पीकरवर होता.

"नाल्याकडच्या बाजूला सहा मीटर सोड. औषध मारू नकोस, गवत कापू नकोस. दिवाळीपर्यंत."

"सहा मीटर? पूरी मेड़ पे, बाबूजी?" पलीकडून विचारणा झाली. "उसमें तो डेढ़ क्विंटल जाएगा."

"त्याचे पैसे मी देईन."

"और बाजू वाला अपनी भैंसें छोड़ेगा, फिर?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, काटेरी फांद्या टाकू, मी स्वतः येईन. फोनवर बराच वेळ शांतता होती, मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. शेवटी तो म्हणाला, नाल्याकडची बाजू ठीक आहे, पण रस्त्याकडचं इस साल नहीं. काका म्हणाले, चालेल. रविवारी दहा वाजता येतो, टेप घेऊन.